दक्षिणेचं दार

माझं दुसरं मूलही पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, एका देवऋषीला घेऊन आल्या. सास्तूरचं आमचं घर भूकंपानंतर बांधून मिळालेलं, दोन खोल्यांचं. तो बाहेरच थांबला. "दार दक्षिणेला हाय. हे दार माणूस खातंय," म्हणाला, माझ्या पोटाकडं बघत.

मी बारावी शिकलेली. तरी त्या दिवसापासून उंबरा ओलांडताना माझा हात आपोआप पोटावर जायचा.

तिसऱ्यांदा दिवस गेले. उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या वेळी दर महिन्याला यायचं. त्यासाठी नवऱ्यानं सोयाबीनचे पैसे बाजूला काढले होते. आत्या म्हणाल्या, "आधी दार फिरवा, मग दवाखाना." नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "फिरवा."

गवंड्यानं पूर्वेच्या भिंतीवर पहार घातली. मी आणि आत्या आत सामान हलवत होतो. तिसऱ्या-चौथ्या घावाला भिंत थरथरली आणि एक चीर सरसरत छतापर्यंत गेली. माझ्या केसांत माती झरली. आत्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही अंगणात पळालो. तिथं त्या खाली बसल्या आणि घराकडं हात करून ओरडायला लागल्या. "लेकरं आत हायत. माझी लेकरं आत हायत."

घरात कोणीच नव्हतं. भूकंपात त्यांच्या दोन मुली गेल्या, हे मला माहीत होतं, माझा नवरा त्यानंतर जन्मलेला. पण आत्यांच्या तोंडून मी त्या मुलींबद्दल तोवर एक शब्द ऐकला नव्हता.

गवंडी म्हणाला, "लोखंडी तुळई टाकल्याबिगर न्हाय जमायचं, स्लॅब खाली यील." दवाखान्याचे पैसे तुळईत गेले. दोन महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली राहिलो आणि मी उमरग्याला गेले नाही.

सातव्या महिन्यात एका दुपारी लक्षात आलं, सकाळपासून पोटात काहीच हललं नव्हतं. गूळपाणी प्यायले, कुशीवर निजले. काही नाही. आत्यांना सांगितलं, तशी त्यांनी गळ्यातली बोरमाळ काढून नवऱ्याच्या हातात दिली. "मोड नायतर गहाण ठेव. आत्ताच्या आत्ता हिला घेऊन चल."

जीपमध्ये आत्या देवाचं नाव घेत होत्या. मला तेही आठवेना. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत सोनोग्राफीचं यंत्र पोटावरून फिरवत राहिल्या. मग ठोके ऐकू आले. त्या माझ्यावर इतक्या रागावल्या, की मला रडू फुटलं.

नऊ महिने भरून मुलगी झाली. आत्या सगळ्यांना सांगतात, दार फिरवलं म्हणून जगली. मी वाद घालत नाही. लशीच्या दिवशी मात्र माझ्या आधी त्याच तयार होऊन बसतात. आणि मी? पोरगी जरा जास्त वेळ झोपली, की अजून तिच्या नाकाशी बोट धरून बघते.