माझ्या नवऱ्याची सुट्टी, जावेचा जोतिबा

धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा आणि तो मी कधी लपवला नाही. उचगावात आमचं घर एकच, चुली दोन, मधे एक भिंत. दोघे भाऊ शिरोलीच्या एकाच फाउंड्रीत कामाला. आमचे हे युनियनच्या कमिटीवर. दीर मात्र युनियनच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही.

नव्वदनंतरच्या एका वर्षी संप झाला. हे गेटवर मांडवात बसले, दीर मागच्या दारानं कामावर गेला. आमची आमटी दिवसेंदिवस पातळ होत चालली आणि रविवारी भिंतीपलीकडून मटणाचा वास आला. जाऊ वाटी घेऊन आली, तर मी "आज आमचा उपास हाय" म्हणून तिला परत धाडलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

शेवटी मालक बोलणी करायला आला. पगारवाढ ठरली, आणि हे हटून बसले होते ती चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेची भरपगारी सुट्टीही ठरली. राहिली फक्त सही. मालकाशी आपापसात केली तर करार युनियनच्या सभासदांपुरता. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या मध्यस्थीनं, त्याच्यासमोर केली तर कारखान्यातल्या सगळ्यांना लागू. हे कळलं तशी मी जेवायला वाढता वाढता ह्यांना अडवलं.

"आपापसातच करा. उन्हात बसला तुमी, आन् सावलीतल्यानं खायाचं व्हय?"

"सभासदाला जास्त आन् दुसऱ्याला कमी दिलं, तर उद्या मालक कुणाला ठिवंल? स्वस्तातल्यालाच की. मग आमी गेटाबाहीर."

"म्हंजे जावंला बी सुट्टी?"

"तिला न्हाय, त्याला," म्हणाले आणि भाकरी मागितली.

सही अधिकाऱ्यासमोरच झाली. चैत्र आला. यात्रेच्या दिवशी सुट्टी म्हणून आमच्या सोप्यात सकाळपासून कामगार, एकेकाच्या तक्रारी, आणि मी चहाच्या आधणापुढं. जाऊ हिरवीगार साडी नेसून नवऱ्याच्या मागं स्कूटरवर बसली, ती संध्याकाळी गुलालानं माखून परत आली. "आक्का, प्रसाद घ्या," म्हणत माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. माझ्याच नवऱ्याच्या सुट्टीचा प्रसाद ती मला देत होती! माझा नुसता जळफळाट झाला. खोबरं मी शेजारणीला देऊन टाकलं. पुढं कितीतरी वर्षं, ती काही नवं नेसली की मी भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "आयत्या बिळावर नागोबा!" ती ऐकायची आणि भांडी घासत राहायची.

दोन हजार साल उलटलं. जुनी युनियन फुटून बुडाली, नवी उभी राहिली. ह्यांनी नवीच्या वर्गणीची पावती फाडली नाही. रिटायर व्हायला थोडंच राहिलंय, आता नको म्हणाले. दीर मात्र, कशानं कुणास ठाऊक, तिच्यात गेला. पुन्हा संप झाला तेव्हा तो मांडवात आणि हे कामावर. या खेपेला पातळ आमटी पलीकडं होती. मी मटणाची वाटी नेली, तर जावेनं ती सरळ घेतली आणि पोरांना वाढली.

याही करारावर अधिकाऱ्यासमोर सही झाली. घरच्यांच्या ऑपरेशनचा खर्च कारखान्यानं द्यायचा, असं त्यात ठरलं होतं. सगळ्यांत आधी त्या पैशातनं माझ्याच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर डोळ्यात थेंब घालायला जाऊच यायची. मला उताणी झोपवून, पापणी अलगद धरून थेंब सोडायची. "आक्का, झोंबतंय व्हय?"

मी रोज वाट बघायचे. आता म्हणेल, आयत्या बिळावर नागोबा. म्हणायचा हक्क आता तिचा होता, माझ्याकडून तो गेला होता, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता. ती मात्र बाटलीला बूच लावायची, पदरानं माझा गाल पुसायची आणि स्वयंपाकाला जायची.

शेवटी एक दिवस मीच चिडले. "अगं, बोल की एकदा!"

"काय बोलू, आक्का?" ती म्हणाली. "डोळा मिटू नका, थेंब वाया जातोय."