शेजारणीला सांगितलेला कार्यक्रम

मावशीने शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "उद्या आमच्या भाचीला बघायला येणार आहेत." विट्याकडची गाडी दारात लागणार, पाहुणे जिना चढणार, काहीतरी सांगणं भागच होतं. खरं कारण आतल्या खोलीत झोपलं होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती.

आमच्या रहिमतपुरात कुणालाच तिच्याबद्दल माहीत नव्हतं. मी साताऱ्यात खोली घेऊन राहत होते आणि घरमालकिणीला नवरा बाहेरगावी असतो असं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. मुलीचा बाप दक्षिणेत चुलत्यांच्या गलाईच्या दुकानात सोनं वितळवत होता. फक्त तो माझा नवरा नव्हता. कॉलेजात असताना लग्नाचं बोलणारा तो, मला दिवस गेल्यावर घरच्यांना विचारून सांगतो म्हणाला आणि निघून गेला. मुलीच्या खर्चाचं ठरवायला म्हणून दोन्ही घरं विश्रामबागेतल्या मावशीच्या फ्लॅटवर जमली.

मावशीने मला साडी नेसायला लावली. "काकू डोकावल्या तर? दाखवायच्या कार्यक्रमाला ड्रेसवर कोण बसतं?" मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. तो, त्याचे चुलते आणि माझे पप्पा बसले होते. चुलत्यांनी बशी घेता घेता सवयीने विचारलं, "शिक्षण किती झालंय?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते पोहे खायला लागले.

खाऊन झाल्यावर त्यांनी टीपॉयवर एक लाल डबी ठेवली. आत सोन्याची चेन होती. शेजारी स्टॅम्प पेपर आणि पेन. "पोरीच्या नावानं देतोय. सही झाली की मिटलं."

मी कागद उचलला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कागदावरचं मराठी मी अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचते.

"सांज करती का काय ही?" चुलते पप्पांना म्हणाले. पप्पा हसले. मला त्या हसण्याचा राग आला, पण मी बोट पुढे सरकवत राहिले. सदर मुलीस माणुसकीच्या नात्याने मदत देण्यात येत आहे. यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. त्याचं नाव होतं, माझं होतं. तो तिचा कोण, हे कुठेच नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. मावशीने कागद उशीखाली सरकवला. काकू साखर मागायला आल्या होत्या आणि वाटी हातात घेऊन बसल्याच. आधी त्याला पाहिलं, मग मला.

"जोडा शोभतोय हं."

"बघू की," चुलते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आत मुलगी रडायला लागली.

"अगं, बाळ कुणाचं?"

"माझ्या नणंदेची नात," मावशी म्हणाली. "झोपेल आपली आपण."

मी उठायला लागले तेव्हा पप्पांनी मनगट धरलं. मी बसले. ब्लाउज ओला होत होता म्हणून पदर पुढे ओढून घेतला. तो मोबाइलकडे बघत होता. स्क्रीन बंद होती. मुलगी रडत राहिली आणि काकू उठेपर्यंत आम्ही सगळे पाहुण्यांसारखे बसून राहिलो.

दार लागल्यावर मी आत जाऊन तिला घेऊन आले. "काका, चेन नको. महिन्याच्या महिन्याला खर्च द्या. आणि हे तिचे वडील आहेत असं लिहा."

"आसं लिवलं तर ह्याचं लगीन कवा करायचं आमी?"

"सही कर गं," पप्पा हळूच म्हणाले. "संपव एकदाचं."

साताऱ्यातल्या वकीलबाईंनी सांगितलं होतं, खर्च हा मुलीचा हक्क आहे, तो आईला सोडून देता येत नाही. ते वाक्य मी घरून पाठ करून आले होते. ऐन वेळी आठवलं नाही. मी उशीखालचा कागद काढून टीपॉयवर ठेवला आणि पेनाला टोपण लावून ते त्यावर ठेवलं, एवढंच.

चुलत्यांनी डबी खिशात घातली. त्याने चपला घातल्या, मुलीकडे एकदाही पाहिलं नाही. उंबऱ्यात चुलते वळले. "कळवतो आमी," ते म्हणाले. तेही बहुधा सवयीनेच.

दोन महिने झाले. वकीलबाईंनी पाठवलेल्या नोटिशीला उत्तर नाही. परवा मावशीकडे गेले होते, तेव्हा काकू जिन्यात भेटल्या. मुलगी माझ्या कडेवर होती.

"काय गं, कळवलं का त्यांनी?"

"अजून नाही."

"कळवतील. पोरगा चांगला वाटला." त्यांनी मुलीचा गाल ओढला. "नणंदेची नात ना ही? तुझा फारच लळा दिसतोय."

त्याने लिहावं म्हणून मी अडून बसले होते. मला तर 'ही माझी मुलगी' एवढंच तोंडानं म्हणायचं होतं, तेही एकाच बाईसमोर.

"हो," मी म्हणाले, आणि बाजूला सरकून त्यांना जायला वाट दिली.