धुक्यात बंद केलेलं दार

युद्ध सुरू झालं तेव्हा दाजी बंदरावर जहाजांतला माल उचलणारी यारी चालवत होते. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेहुणा मासेमारीला निघताना आणि परतताना बोटीवरूनच ‘ओ दाजी’ अशी हाळी घाली. ऐकून ऐकून सगळं बंदर त्यांना दाजी म्हणू लागलं, त्यांच्याहून थोरले हमालसुद्धा.

धडधाकट माणसं सैन्याने नेली. उरलेल्यांतून बंदर राखायला युद्धापुरतं हंगामी दल उभं करायचं ठरलं. भरती गोदामात झाली. डॉक्टरांनी विचारलं, “कानाचं काय?”

“डाव्या कानात शिटी वाजते. यारीची.”

“यारी बंद असताना?”

“तेव्हाही.”

“मग शत्रू उजवीकडून येईल अशी आशा धरू,” म्हणत डॉक्टरांनी शिक्का मारला.

एका न्हाव्याला, शाळेच्या मास्तरांना आणि एका हमालाला दाजींच्या जोडीला दिलं. वर हुकूम द्यायला फेरीबोटीचे म्हातारे सारंग. चौघांत बंदूक एकच. ती मास्तरांकडे दिली, कारण चालवता कोणालाच येत नव्हती आणि मास्तर निदान जपून ठेवतील.

काम होतं दाराचं. दार म्हणजे साखळीत ओवलेले जाड ओंडके. धक्क्यावरचा उभा रहाट फिरवला की ती माळ पाण्यावरून सरकत बंदराचं तोंड बंद करी. रहाटाचे दांडे हातांनी ढकलायचे नसतात. छाती लावायची, पाय रोवायचे आणि जोर मांड्यांतून काढायचा. न्हाव्याने पहिल्या दिवशी हातांनीच ढकललं आणि तळवे सोलून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दाढीला कोणी फिरकलं नाही.

हुकूम सरळ होता. धुकं उतरलं की दार बंद, बाहेर कोणीही असो. शेजारच्या बंदरात एक परकी नाव मासेमारी बोटीच्या आडून धुक्यातून आत शिरली होती आणि दोन जहाजं जाळून गेली होती.

त्या दिवशी धुकं दुपारी आलं. आधी दीपस्तंभ गेला, मग पलीकडचा धक्का, मग पाणी. दाजींची यारी पाय नसल्यासारखी वर तरंगत राहिली. माणसं बोलत, पण आवाज भलत्याच बाजूने येई. सगळ्या बोटी आत होत्या, मेहुण्याची सोडून. दाजींना ते ठाऊक होतं. त्यांनी दांड्याला छाती लावली. फेरी नेहमीपेक्षा जड गेली, पण अर्ध्यावर सोडली नाही. दार लागलं.

मग त्यांना बारीक टणटण ऐकू आली. त्यांनी मान झटकली. तेवढ्यात बायको जेवण घेऊन आली आणि जागीच थांबली.

“कोणीतरी डबा वाजवतंय,” ती म्हणाली.

“माझा कान आहे तो.”

“तुमचा कान मला कसा ऐकू येईल?”

टणटण बाहेरूनच येत होती.

“उघडा,” ती म्हणाली.

सारंगांनी विचारलं, “दाजी, तोच आहे? आणि त्याच्यामागे कोणी नाही?”

“तोच आहे. मागचं नाही सांगता येणार.”

“माझा भाऊ आहे तो,” बायको म्हणाली.

“हो,” दाजी म्हणाले आणि रहाटाला हात लावला नाही.

टणटण पातळ होत चालली. ओहोटी लागली होती. इंजिन चालू असतं तर तो डबा वाजवत बसला नसता. म्हणजे बोट वाहत चालली होती, आणि बाहेर पाण्यात सुरुंग पेरलेले. दाजींनी दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि ओंडक्यावर उतरले.

ओंडका पायाखाली फिरतो. त्यावर चालायचं नाही, घोड्यावर बसल्यासारखं बसून सरकायचं. धक्का मागे विरला. खाली पांढरं, वर पांढरं. आपण सरकतोय की ओंडकेच मागे जातायत, कळेना. कानातली शिटी आणि डबा एका सुरात वाजू लागले. कधीकाळी पाहिलेल्या स्वप्नात परत आल्यासारखं त्यांना वाटलं. तरी मांड्या आवळलेल्याच ठेवल्या. त्यांनी हाळी घातली.

“दाजी?” धुकं म्हणालं. “तुम्ही पाण्यात काय करताय?”

“फिरायला आलोय. दोर घे.”

दोन फेकी वाया गेल्या. तिसऱ्या वेळी दोर ताणला. दाजींनी साखळीला वेढा देऊन तो इंचाइंचाने आत घेतला, ओहोटीशी भांडत, दम लागला की वेढ्यावर थांबत. हळूहळू बोटीचं नाक दिसलं. मग गाठ मारली.

“दार उघडा की.”

“नाही.”

“ताईला सांगेन.”

“तिला माहीत आहे.”

धक्क्यावरून बायकोची हाक आली. “सापडला का?”

“आहे. बांधलाय.”

“आत नाही घेणार?”

“धुकं जाईपर्यंत नाही.”

मग ती म्हणाली, “मग दोर सोडू नका.”

गाठ पक्की होती. तरी दाजींनी हात काढला नाही. दोर ताणला जाई, सैलावे, पुन्हा ताणला जाई. पलीकडे मेहुणा इंजिन खोलून बसला होता आणि मधूनच पाना मागत होता, दाजी शेजारच्या खोलीत बसले असावेत तसा.