हशाची जागा

पडद्यावर पाटी झळकली, 'रिकाम्या ओळी काढून टाकल्या आहेत.' मी कपाळावर हात मारून घेतला.

विनोदी नाटुकल्यांची संहिता नीट मांडून देणारं सॉफ्टवेअर शोधतोय. पहिल्याला पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांत हवं होतं. आता मराठीत कॅपिटल कुठून आणू? त्यामुळे माझे बंडोपंत त्याला माणूस वाटेचनात. त्यानं त्यांना खुर्ची-टेबलाच्या वर्णनात ढकललं. दुसऱ्यानं 'प्रेक्षक' या शब्दाचे असे तुकडे केले, की वाचताना ठसका लागावा. हे तिसरं. या शहाण्यानं तर माझं पान इस्त्री फिरवल्यासारखं सपाट केलं.

बायको डोकावून म्हणाली, "छान दिसतंय की! पानंही कमी झाली."

"अगं, ओळी गेल्या माझ्या!"

"पण त्यांत काही लिहिलंच नव्हतं ना?"

आता हिला काय सांगू? वाक्य टाकायचं आणि गप्प बसायचं, हाच तर विनोद लिहिणाऱ्याचा धंदा. ते सोपं नसतं. चार माणसांत विनोद सांगून झाला की गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. लगेच समजावून सांगायला लागतात. यंत्राला तर मोकळी जागा दिसली की चूकच वाटते.

चरफडत मी एकेक ओळ पुन्हा मोकळी करू लागलो.

"एवढं काय होतं त्या ओळींत?" तिनं विचारलं.

"लोक," मी म्हणालो. "तिथं लोक हसणार होते."