निळ्या दगडाचा नंबर

गर्दीनं जिची धास्ती घ्यावी अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि नशिबानं ती माझी मोठी जाऊ निघाली. तुम्ही-आम्ही गर्दी बघितली की पदर सावरतो, पिशवी छातीशी धरतो आणि बाजूला होतो. जाऊबाई पदर खोचायच्या आणि थेट आत शिरायच्या. नाशिकच्या द्वारकेचा चौक त्या कशा ओलांडतात ते मी एकदा बघितलं आणि पुढं आठ दिवस मला त्याची स्वप्नं पडत होती. चारी बाजूंनी ट्रक, मध्ये टांगे, सायकली, आणि ह्या बाई मिटलेली छत्री आडवी धरून, कोणाकडेही न बघता, घरच्या अंगणातून चालल्यासारख्या चाललेल्या. एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, डोकं बाहेर काढलं आणि मरायचंय का म्हणून विचारलं. जाऊबाई चौकाच्या मध्यावर थांबून त्याला म्हणाल्या, "मरायचं असतं तर आठवड्याची भाजी कशाला घेतली असती?" त्यानं डोकं आत घेतलं. मी अजून अलीकडच्या कडेलाच उभी होते.

आम्ही दोघी जावा इंदिरानगरात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. ऐंशीनंतरची ती वर्षं. कॉलनी नवी, रस्ते कच्चे, घरं अर्धी बांधलेली, आणि सगळ्या बायकांचा निम्मा जन्म रॉकेलच्या रांगेत चाललेला. दुकानात रॉकेल येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पहाटेपासून रांग लागायची. रांग म्हणजे माणसांची नव्हे हं. डबे, विटा, फुटकी घमेली, तुटक्या चपला. वस्तू ठेवायची, नंबर लावायचा आणि घरी जाऊन भाकरी थापायच्या, हा सगळ्यांना मान्य असलेला कायदा होता. पण कायदा असला म्हणून काय झालं, डबे मागंपुढं व्हायचे, चपला कुत्री पळवायची. म्हणून जाऊबाईंनी पांडवलेण्याच्या पायथ्याहून एक चांगला पपईएवढा दगड आणला आणि त्याला निळा ऑइलपेंट फासला. लाल का नाही दिला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, लाल दिला तर दुपारपर्यंत कोणीतरी त्याच्यापुढं नारळ फोडून मोकळं होईल, मग मी रॉकेल मागू की नवस बोलू?

त्या निळ्या दगडाचा दरारा काय सांगू तुम्हाला. दुकानदार डबा भरता भरता आधी बघायचा की निळा कितवा आहे. एका बाईनं एकदा तो हळूच पायानं मागं सारला. जाऊबाई घरून आल्या, दगडाकडं बघितलं, बाईकडं बघितलं. दगड उचलून जागेवर ठेवला आणि त्या बाईच्या शेजारी उभं राहून तिची चौकशी सुरू केली. माहेर कुठलं, मुलं किती, सासूला दमा आहे का, भाऊ काय करतो. पाऊण तास. ती बाई पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या दुकानात जायला लागली, असं म्हणतात.

अशा ह्या बाईला एक गोष्ट मात्र अठरा वर्षं जमली नव्हती. नाशिकहून पश्चिमेला डोंगरावर एक राजवाड्याचं गाव आहे. नाव मी सांगत नाही, तिथं आधीच फार गर्दी असते, त्यात माझी भर नको. त्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊबाईंचं माहेर. लग्नात भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, राजवाडा दाखवायचं कबूल केलं होतं. त्यानंतर दर वर्षी भाऊजी म्हणायचे की तिथं गर्दी फार असते, पुढच्या वर्षी बघू. भाऊजी तसे देवमाणूस, पण त्यांच्या "पुढच्या वर्षी"ला अंत नव्हता. जाऊबाईही फार ताणून धरत नसत. त्या वर्षी मात्र ते बदललं, ते एका कॅलेंडरमुळं.

त्यांची आई तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेकीकडे येऊन राहिली होती. मी त्यांना मावशी म्हणायचे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, अंगानं काडी, गुडघे गेलेले, पण डोळ्यांना नवा चष्मा लागल्यामुळं दिवसभर घरातली एकेक वस्तू पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत बसायच्या. कापडदुकानदारानं दिलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं आणि त्याच्यावर त्याच राजवाड्याचा रंगीत फोटो. मावशींनी विचारलं, हे कुठलं? जाऊबाई म्हणाल्या, अगं आई, तो तुझाच वाडा. बारा वर्षं लाकडाच्या मोळ्या घालत होतीस ना तिथं?

मावशींनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि ठाम मान हलवली. "ह्यो न्हाय. त्येला एकच दार व्हतं. काळं. खाली जांभळीचं झाड."

मी तिथंच चहा पीत होते. जाऊबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. बारा वर्षं डोंगर चढून रोज मोळी टाकली आणि ह्या बाईनं वाड्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या अंगाला फिरकायचं नाही, हे तिला कोणी सांगायची गरजसुद्धा पडली नसेल. मला इतका संताप आला की मी कपबशी बाजूला सारली. जाऊबाई मात्र शांतपणे पोळी लाटायला लागल्या आणि पोळी उलटून झाल्यावर म्हणाल्या, "मे महिन्यात जायचं. पुढच्या दारानं आत."

मे महिन्यात म्हणजे सगळं जग तिथं असतं तेव्हा. त्यात वाडा लोकांना फक्त रविवारी उघडा, दुपारी चारला फाटक बंद. भाऊजींनी गर्दीचं सांगितलं, डॉक्टरांनी मावशींच्या गुडघ्यांचं सांगितलं, विहारात वंदनेला भेटलेल्या बायकांनी उन्हाचं सांगितलं. जाऊबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका चाळीस पानी वहीत तयारी लिहायला घेतली. ती वही मी वाचलेली आहे. "उठणे चार. आईचा चहा सव्वाचार. धाकटीला उठवणे सव्वाचार ते पावणेपाच." धाकटी म्हणजे मी. मला उठायला अर्धा तास लागतो हे सबंध सासरला माहीत होतं, पण ते असं लेखी कोणी दिलं नव्हतं.

आणि तालीम! एसटीची पायरी उंच असते, मावशींना चढता येईल का, ही खरी काळजी. मग जाऊबाई स्टँडवर जाऊन उभ्या एसटीची पायरी स्वतःच्या गुडघ्याला लावून मापून आल्या, अंगणात स्टुलावर पाट ठेवून तेवढी उंची केली आणि रोज संध्याकाळी मावशींना त्याच्यावर चढवायला लागल्या. मी कंडक्टर. मी नुसती उभी राहायचे तर म्हणायच्या, कंडक्टर एवढा गरीब नसतो, जरा खेकस. मी आपली खेकसायचे, चला आजी, लवकर आटपा, आणि मावशी पाटावर चढून हसत सुटायच्या. पंधरा दिवसांत त्या न धरता चढायला लागल्या. कॉलनीतली माणसं मात्र आमच्या अंगणावरून जाताना पावलं भरभर उचलायची.

रविवारी पिशवी उचलली तर माझा खांदाच निखळायला आला. आत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि तळाशी तो निळा दगड. मी तिथंच भांडले. म्हटलं, ताई, सहलीला दगड कोण नेतं? तर म्हणाल्या, लोक रुमाल टाकून जागा धरतात, आणि रुमाल कोणीही उचलतं. स्टँडवर बस लागली, झुंबड उडाली, खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पंचे पडायला लागले. जाऊबाईंनी खिडकीतून हात घालून दगड अलगद बाकावर ठेवला. आम्ही मावशींना चढवून आत पोचलो तेव्हा सगळ्या बसमध्ये मारामारी चाललेली आणि आमचं तिघींचं बाक मोकळं. दगडाशी कोणाला वाद घालावासा वाटला नव्हता. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, नंबर.

वर पोचलो आणि मी पिशवी खाली टेकवली. वाड्याच्या फाटकापासून रांग निघालेली ती भेळेच्या गाड्यांना वळसा घालून थेट तळ्यापर्यंत. साडेबारा वाजलेले, डोक्यावर ऊन. मावशी दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. जाऊबाईंनी त्यांना एका झाडाच्या सावलीत नेलं, परत आल्या आणि पिशवीतून दगड काढून रांगेत माझ्या पुढं ठेवला. रांग सरकली की दगड सरकवायचा. मागं एक सफारीवाले गृहस्थ होते. त्यांनी दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा बुटाच्या टोकानं दगड बाजूला ढकलला.

"पाय लावू नका," जाऊबाई म्हणाल्या. "ती माझी आई आहे."

आजूबाजूचे लोक फसफसून हसले. तेवढ्यात झाडाखालून मावशींनी हात वर केला, हजेरी दिल्यासारखा. हसणं हळूहळू थांबलं. सफारीवाल्यांनी मावशींकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि वाकून तो स्वतःच्या हातानं होता तिथं ठेवला. पुढचा तासभर रांग सरकली की तेच दगड सरकवत होते.

साडेतीन झाले तरी आमच्यापुढं शंभरेक माणसं होती. चार वाजता फाटक बंद आणि साडेपाचला शेवटची बस. मला रडू यायला लागलं होतं. तेव्हा वाड्याचा पहारेकरी, पांढऱ्या मिशांचा भला माणूस, रांगेच्या कडेनं येऊन मावशींपाशी थांबला. त्याला त्यांची दया आली असावी. जाऊबाईंना म्हणाला, "ताई, आजींना एवढं ताटकळत ठेवू नका. मागच्या दारानं सोडतो. मुदपाकखान्याकडनं, स्वयंपाकघराच्या बाजूनं वाट आहे, कोणी बघत नाही."

मी देवाघरचा माणूस भेटला म्हणून पिशवी उचलली. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी पिशवी परत खाली ठेवली.

"दादा, तुमचे उपकार आहेत," त्या म्हणाल्या. "पण ती बारा वर्षं त्याच दाराला आलीय. आज पुढच्याच दारानं जाईल. नाहीतर तशीच परत जाईल."

पहारेकरी आला तसा परत फिरला. मग फाटकाशी जाऊन उभा राहिला. चार वाजले, सव्वाचार वाजले, फाटक उघडंच. वरून कोणीतरी त्याला हाका मारत होतं आणि तो ऐकू न आल्यासारखा आकाशाकडं बघत होता. साडेचारला आमचा नंबर लागला. जाऊबाईंनी दगड पिशवीत टाकला, मावशींचा हात धरला, आणि ती म्हातारी बाई पंधरा दिवस पाटावर घोटलेलं पाऊल उचलून वाड्याची पहिली पायरी न धरता चढली.

आत काय काय होतं म्हणून सांगू. झुंबरं, हत्तीचे दात, माणसापेक्षा उंच आरसे. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मावशी कशाकडेही बघेनात. दोन दालनं झाल्यावर म्हणाल्या, "सैपाकाची खोली कुठं हाय?" मागून आलेला पहारेकरी म्हणाला, तिकडं बघण्यासारखं काही नाही हो आजी. जाऊबाई म्हणाल्या, तुम्हाला नसेल. त्यानं मुकाट्यानं वाट दाखवली.

रिकामा, काजळी धरलेला मुदपाकखाना आणि पलीकडच्या भिंतीत ते काळं दार. मावशी त्याच्याशी गेल्या आणि त्यावरून हात फिरवता फिरवता त्यांचा हात लोखंडी कडीवर थांबला.

"कडी हिकडून व्हती व्हय," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतः कडी काढली. बाहेर उन्हं उतरत होती, खाली खरंच जांभूळ होतं, आणि दाराशी एक चपटी फरशी. आतून हाक येईपर्यंत मोळीवाल्या बायका तिथं बसून राहायच्या, कधी सकाळची दुपार व्हायची. मावशींनी लेकीच्या पिशवीकडं हात केला. मला वाटलं, दशमी मागतायत. त्यांनी दगड मागितला. दोन्ही हातांनी तो फरशीवर ठेवला, आत आल्या, दार लावलं, कडी घातली.

"आता ह्यो थांबंल हितं," त्या म्हणाल्या. "मी लय थांबले."

निळ्या दगडाला कोणी नुसता पाय लावला तर पाऊण तास त्याची उलटतपासणी घेणारी माझी जाऊ त्या दिवशी दगड तिथंच सोडून, हलकी झालेली पिशवी खांद्याला लावून निघाली.  आम्ही आलो तशाच पुढच्या दारानं बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये जागा धरायला काही नव्हतं. सफारीवाल्यांनी मावशींना आपली जागा दिली आणि आम्ही दोघी जावा नाशिकपर्यंत उभ्यानं आलो. जाऊबाई सगळी वाट खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मावशी पुढच्या थंडीत गेल्या. रॉकेलच्या रांगा त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. मी कितीदा म्हटलं, ताई, पांडवलेण्याला दगडांना काय तोटा आहे, दुसरा रंगवू. जाऊबाई नको म्हणायच्या. त्या आता डब्यांच्या, विटांच्या त्या रांगेत छत्री घेऊन स्वतः उभ्या राहायच्या, आणि कोणी विचारलंच, बाई, तुमचा निळा कुठं गेला, तर एवढंच सांगायच्या की तो आईच्या जागी थांबलाय.