तांबडं पाणी

तिला सगळे टेपमावशी म्हणत. रस्त्याच्या खात्यात ती नऊ वर्षं एकच काम करत होती. रोज सकाळी रस्त्यालगतच्या कड्यावर चढायचं, तिथे पडलेल्या भेगेच्या दोन्ही काठांवर ठोकलेल्या खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि वहीत लिहायचं.

तो डोंगर ज्वालामुखीचा, लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. काळा दगड लोखंडासारखा टणक. पण दोन थरांच्या मधे हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा होता. जुन्या साहेबांनी तिला बजावलं होतं, की काळ्याची काळजी करू नका, तांबड्यावर नजर ठेवा. तो भिजून मऊ झाला की वरचा भार निसटलाच. तेव्हापासून तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. कारण कड्याच्या बरोबर खाली तिच्या धाकट्या जावेचं शिवणाचं दुकान होतं. सहा मशिनं, सहा बायका. डोंगराची नाडी बघणारी वैदीण म्हणून जाऊ तिची चेष्टा करायची.

एका मंगळवारी भेग तीन मिलिमीटर वाढलेली निघाली. तिने तीनदा मोजली. मग वाकून पाहिलं, तर पट्ट्यातून एरवी नितळ झिरपणारं पाणी गढूळ, तांबडं झालेलं. नव्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले मोजण्यात चूक झाली असेल, गुरुवारी येऊन बघतो.

ती तडक दुकानात गेली. "उठा सगळ्या. बाहेर चला."

"ताई, उद्या शाळेचे शर्ट द्यायचेत," जाऊ म्हणाली.

"नऊ वर्षांत मी तुला कधी ऊठ म्हटलंय?"

जावेने मशीन थांबवलं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. बायका कुरकुरल्या, जावेने अबोला धरला. कडा पडला नाही तर हसं होणार, पडला तर जावेचं दुकान जाणार; मागायचं तरी काय, तेच मावशीला कळेना.

बुधवारीही तिने दुकान उघडू दिलं नाही, आणि दुपारी कडा खाली आला. धुरळा खाली बसला तेव्हा दुकानाच्या जागी काळ्या दगडांचा ढीग होता. माणूस एकही दगावलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, वही मागून घेतली आणि उभ्यानेच वाचत राहिले. संध्याकाळी जाऊ मावशीजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आपल्या घरामागच्या डोंगरातही तसला पट्टा आहे का हो?"

मावशीने तो आधीच पाहून ठेवला होता. "आहे," ती म्हणाली. "पण अजून कोरडा आहे."