जास्तीचे तीन टाके

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात मी कपडे शिवते. शिवण संपली की मागं येऊन तीन टाके जास्तीचे मारायचे, ही माझ्या हाताची खोड आहे. माझ्या याडीची, म्हणजे आईचीही होती. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. वाटेत गोणी उसवली की मीठ मातीत. म्हणून शेवटाला तीन टाके. तेच मी माझ्या पोरीला शिकवलं, विसरली की हातावर फटका देऊन.

ती पोरगी आता हैदराबादकडच्या एका खासगी कंपनीत पॅराशूट शिवते. अंतराळात गेलेली माणसं ज्या यानातून परत येतात, त्या यानाचं पॅराशूट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला थापाडी म्हटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"याडी, माह्या हातानं पॅराशूटच्या पट्टीवर तीन टाके जास्तीचे पडले."

"मंग पक्कं झालं ना वं."

"नाई. इथं जितके टाके जास्त तितके भोकं जास्त. जोर पडला का पट्टी तिथूनच फाटते, पावतीबुकाच्या कागदावानी."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते असं.

"कोणाले दिसलं काय?"

"कोणालेच नाई. तपासून पुढं गेलं. सांगितलं त आख्खं पॅराशूट रद्द होईन, चाचणी लांबीन, अन् मले मशीनवरून उठवतीन."

मी इकडंतिकडं पाहिलं. नवरा बैलांना पाणी दाखवत होता. मी हळूच म्हटलं, "मंग गप राह्य."

पण मला राहवेना, मीच विचारलं, "त्या यानात बसणार कोण हाये?"

"यावेळी पुतळा हाये, माणसाएवढ्या वजनाचा. पुढच्या टायमाले माणूस."

आणि तिनं फोन ठेवला. संध्याकाळी कळलं, तिनं साहेबांना सांगून टाकलं होतं. पॅराशूट रद्द झालं, चाचणी पुढं गेली. तिला महिनाभर मशीनला हात लावू दिला नाही, नुसते धागे कापायला बसवलं. मग पुन्हा शिवायला घेतलं.

दसऱ्यानंतर चाचणी झाली. आम्ही नवरा-बायको कापूस वेचत होतो, तेव्हा तिनं व्हिडिओ पाठवला. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून, उन्हात दिसावं म्हणून फोनवर ओढणी धरून आम्ही तो पाहिला. विमानाच्या पोटातून ते यान सुटलं आणि दगडासारखं खाली येऊ लागलं. आधी लहान छत्र्या उघडल्या, मग तीन मोठ्या, एकामागून एक, अख्खं आभाळ भरून. एवढं जड यान त्यांच्याखाली सावकाश डोलत होतं. माझ्या पोरीचा हात फिरला होता त्या कापडावर. मी आयुष्यभर झंपर शिवले, लग्नाचे घागरे शिवले. शिवणीला आभाळात एवढं वजन पेलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला रडू आलं.

यान जमिनीला टेकलं. नवरा म्हणाला, "पडलं नाई ते. कोणीतरी उचलून ठेवल्यावानी ठेवलं."

त्यानं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मजूर बायाही येऊन बसल्या. त्या दिवशी आमचा कापूस अर्धाच वेचून झाला.

दिवाळीला पोरगी घरी आली. पिशवीतून तिनं एक जाड पांढरी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. त्या रद्द पॅराशूटचीच पट्टी होती. कंपनीनं ती यंत्रात घालून ताणून पाहिली होती. ती फाटली होती, बरोबर त्या तीन टाक्यांवर. दोन्हीकडची शिवण जशीच्या तशी होती.

नवऱ्यानं पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली. "बरं झालं सांगितलं तू," तो तिला म्हणाला. "कोणाले इचारलं होतं काय, सांगू का नोको म्हणून?"

मी फराळाच्या ताटातल्या करंज्या उगाच सारख्या करू लागले.

पोरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फराळाचं ताट पुढं ओढून म्हणाली, "इचारायचं काय त्याच्यात, बा. याडीनंच त शिकवलं, शिवण उसवली नाई पायजे."